मांडवातली आई

मे महिन्याचा दुसरा रविवार होता. मातृदिनाचा. आदल्या दिवशीच आमच्या सोसायटीच्या फलकावर शुभेच्छा झळकल्या होत्या, कोपऱ्यावरच्या केकच्या दुकानात 'आई' असे क्रीमने लिहिलेले केक मांडले होते, आणि परगावी असलेल्या मुलांचे आयांना फोन सुरू झाले होते. मी मात्र त्या सकाळी जव्हार तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर होते. साठ-सत्तर उंबऱ्यांचा पाडा. तिथल्या शाळेतल्या गुरुजींची आणि आमची जुनी ओळख. 'पाड्यावर लग्न आहे, या,' असा त्यांचा निरोप आला आणि मी उठून गेले. मातृदिनाचे तेव्हा लक्षातही नव्हते.

घरापुढे मांडव घातला होता. बायकांची लगबग चालली होती. एका कोपऱ्यात हळदीची परात घेऊन एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी बसली होती. चेहऱ्यावर हसू, केसांत अबोलीचा गजरा. हीच नवरी असणार असे मी मनाशी ठरवून टाकले आणि तिच्या हातात आहेराचे पाकीट ठेवू लागले. ती लाजून मागे सरकली. "मी नाही हो बाई, नवरी ती काय, तिकडे. माझी आई."

मी वळून पाहिले. पाटावर एक चाळिशीच्या आसपासची बाई बसली होती. अंगाला हळद लावलेली. तिच्या मांडीवर तिचाच धाकटा मुलगा पेंगत होता. शेजारी नवरदेव, म्हणजे गेली वीस वर्षे तिच्याबरोबर संसार करणारा, त्या चारही मुलांचा बाप. लग्न लागत होते ते या दोघांचे, आणि मुलगी आईला हळद लावत होती.

शहरी वाचकाला हे विचित्र वाटेल. मलाही पहिल्यांदा ऐकले तेव्हा वाटले होते. पण पालघर जिल्ह्यातल्या वारली, कोकणा, काथोडी पाड्यांतून हे नवे नाही. दोघांचे मन जुळले, घरच्यांनी होकार दिला, की दोघे एकत्र राहू लागतात. लग्नाचा विधी, पाहुण्यांचे जेवण, देज या सगळ्याला पैसा लागतो. तो जमेल तेव्हा लग्न. कधी पाच वर्षांनी, कधी वीस वर्षांनी. कधी मुलाच्या लग्नाच्या मांडवातच आधी आईबापांचे लग्न उरकून घेतात. दरम्यान त्या बाईला कोणी नावे ठेवत नाही, तिच्या मुलांना कोणी वेगळे म्हणत नाही. ती घरची सून असते, मुलांची आई असते. विधी तेवढा राहिलेला असतो.

यामागे एक जुनी जखमही आहे. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना 'लग्नगडी' हा शब्द आठवत असेल. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवरा-बायको दोघांनीही आयुष्यभर त्याच्या घरी राबायचे. फिटता न फिटणारे ते कर्ज. मे १९४५ मध्ये झरीला परिषद झाली, वारल्यांनी वेठबिगारीला नकार दिला आणि ही पद्धत मोडली. कर्ज काढून लग्न करण्यापेक्षा लग्नावाचून संसार केलेला बरा, हे शहाणपण या लोकांनी फार मोठी किंमत मोजून मिळवलेले आहे. आज आपल्याकडे मुलीच्या लग्नासाठी शेत विकणारे बाप पाहिले म्हणजे वाटते, हे शहाणपण थोडे आपणही उसने घ्यायला हरकत नाही.

घरात गेले. सरकारी योजनेतले घरकुल, म्हणजे भिंती विटा-सिमेंटच्या. पण आतली एक भिंत शेणाने सारवून, गेरू लावून लालसर केली होती, आणि तिच्यावर तीन-चार सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत होत्या. चित्र 'काढणे' नव्हे, चौक 'लिहिणे' असेच त्या म्हणतात. बांबूची काडी टोकाला चावून केलेला कुंचला. चौकोनाच्या कडेने जाळीदार नक्षी, मध्ये पालघट देवी. वर सूर्य आणि चंद्र, बाजूला शिडी, फणी, बाशिंग, झाडे. पालघट म्हणजे भरून वाहणारा, कोंब फुटलेला घट. झाडाझुडपांची, नवे जन्माला घालणारी ही देवी, वारल्यांची मोठी आई. तिचा चौक लिहून झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

आणि लग्न लावते कोण? धवलेरी. ही वारली समाजाची स्त्री पुरोहित. पोथी नाही, पंचांग नाही. सगळे मंत्र म्हणजे गाणी, आणि ती सगळी तोंडपाठ. देवांना बोलावणे, नवरा-नवरीला एकत्र आणणे, धरतीची नि धान्याची आठवण काढणे, हे सारे ती गाण्यातून करते. आपल्याकडे स्त्रियांनी पौरोहित्य करावे की नाही यावर वाद झाले, पुण्यात वर्ग निघाले, कौतुकाचे लेख छापून आले. इथे मात्र लग्न बाईनेच लावायचे, ही जुनी रीत आहे.

त्या दिवशीची धवलेरी सत्तरीच्या घरातली असावी. दुपारी गाण्याला जरा उसंत मिळाली तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. वारली माणूस लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतो. तिने विचारले, "तुझं लगीन कोणी लावलं, बाई?"

"आमच्याकडे भटजी लावतात, आजी."

"बाप्या?" ती हसली. "त्याला काय ठावं, पोर कसं होतं ते!"

मला हसू आले. मग मी तिला सांगितले की आज आमच्या शहरात आयांचा दिवस आहे. मुले आईला फुले देतात, गोडधोड आणतात, तिचे फोटो लावतात. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग आज तिकडं पाणी कोण भरतं?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. आमच्याकडे नळाला पाणी येते हे सांगण्यात अर्थ नव्हता. तिचा प्रश्न नळाचा नव्हताच. आईचा दिवस असेल तर त्या दिवशी तिच्या डोक्यावरचा हंडा दुसऱ्या कोणी घेतला का, एवढेच तिला विचारायचे होते. त्या मांडवात तसे झालेले मी पाहत होते. हळद लागल्यापासून नवरीने कोणतेही काम करायचे नव्हते. तिच्या घरचे पाणी शेजारणी आणत होत्या, भात पुरुष रांधत होते, धाकट्या मुलाला एक चुलती सांभाळत होती. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या बाईला लागोपाठ काही दिवस कोणी बसून खायला घातले असेल. हा त्या पाड्याचा मातृदिन होता. त्याला त्यांच्याकडे वेगळे नाव नाही, इतकेच.

तसे पाहिले तर आपल्या मराठी घरांतही मातृदिन परका नाही. श्रावणातली पिठोरी अमावास्या हा आपला मातृदिन. आई खीर-पुरीचे वाण डोक्यावर धरून 'अतीत कोण?' म्हणून विचारते आणि मागून मूल 'मी' म्हणून ते घेते. मुलांच्या आयुष्यासाठी आईने करायचे हे व्रत. म्हणजे आपल्या मातृदिनाला उपास आईचा, स्वयंपाक आईचा आणि वाण मुलाला! मेमधला मातृदिन आला अमेरिकेतून. ॲना जार्व्हिस या बाईंनी आपल्या आईच्या आठवणीसाठी १९०८ मध्ये तो सुरू केला आणि १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी त्याला राष्ट्रीय मान्यता दिली. पुढे फुलवाल्यांनी नि भेटकार्डवाल्यांनी त्याचा बाजार मांडला, तेव्हा याच बाई तो दिवस बंद करावा म्हणून भांडत राहिल्या. तिथेही दिवस आईचा आणि गल्ला दुसऱ्याचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आदिवासी पाड्यावर गेलेल्या शहरी माणसाला सगळेच गोड दिसू लागते. तो मोह मला होऊ द्यायचा नाही. पाडा म्हणजे स्त्रियांचा स्वर्ग नव्हे. दारू पिऊन बायकोला मारणारे नवरे तिथेही आहेत. मुलगी वयात येते न येते तोच तिचा संसार सुरू होतो आणि अंगात रक्त नसताना ती आई होते. एखाद्या घरात लागोपाठ मुले दगावली की एखाद्या एकट्या बाईला 'भुताळी' ठरवून तिचा छळ करण्याचे प्रकार या भागात होत आले आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तरी त्याची गरज संपलेली नाही. जी बाई मांडवात देवीचा चौक लिहिते, तिच्यावरच उद्या असा आळ येऊ शकतो. हे सगळे खरे आहे. तरीही माझे म्हणणे असे, की या समाजाने आईला तिच्या कामासाठी आणि तिच्या ज्ञानासाठी मान देण्याच्या काही जागा राखून ठेवल्या होत्या. धवलेरी ही एक जागा. चौक लिहिणारी सवाशीण ही दुसरी. बाळंतपण करणारी सुईण ही तिसरी. घरातले बियाणे राखणारी आणि रानातली भाजी ओळखणारी म्हातारी ही चौथी. या जागा आपण, म्हणजे शिकल्यासवरल्या समाजाने, एकेक करून मोडल्या, किंवा मोडताना नुसते पाहत राहिलो.

चौकाचेच पाहा. वारली चित्रकला आज विमानतळाच्या भिंतींवर आहे, साड्यांवर आहे, चहाच्या कपांवर आहे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने डहाणू भागातल्या या चित्रांकडे कलाजगताचे लक्ष वेधले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर, कापडावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. म्हसे थोर कलावंत होते, त्यांच्या मोठेपणात काडीचाही उणेपणा नाही. पण ही मुळात बायकांची कला. पिढ्यान् पिढ्या ती आईकडून मुलीकडे आली. बाजारात आल्यावर ती बऱ्याच अंशी पुरुषांच्या हाती गेली. ज्या बायकांनी ती भिंतीवर जपली त्यांपैकी किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? मला तरी फारशी नाहीत.

सुईणीचे दुखणे याहून खोल आहे. बाळंतपण दवाखान्यात व्हावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. रक्तस्राव थांबेना, मूल आडवे आले, तर गाणी आणि पाला कामाला येत नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरांपैकी जवळजवळ ९५ बाळंतपणे संस्थांमध्ये होऊ लागली आहेत. २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७ होते, महाराष्ट्रात ३३. हे मोठे काम आहे, आणि ते करणाऱ्या परिचारिका, आशा, डॉक्टर यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण सरासरी ही फसवी गोष्ट. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात एखादे छायाचित्र येते: चादरीची झोळी बांबूला बांधून चार माणसे गरोदर बाईला चिखलातून, ओढ्यातून नेत आहेत. त्या बाईच्या वाट्याला महाराष्ट्राची सरासरी येत नाही. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे चार मैल येतात.

त्या चार मैलांत तिच्याबरोबर कोण असते? सुईणच असते. पण तिला आता कागदावर स्थान नाही. दवाखान्याच्या दारात तिला बाहेर उभे करतात. जिने या बाईच्या आईचे बाळंतपण केले, पाचव्या दिवशी पाचवी पुजली, जिचा हात पोटावर ठेवला की पोरीची भीती निम्मी कमी होते, तिला आत येऊ दिले तर काय बिघडेल? तिने बाळंतपण करू नये, हे मान्य. पण उशाशी बसू नये, हे कशासाठी?

गावातल्या बाईवर विश्वास टाकला तर काय होते, याचा दाखला याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी शिकवले. सुईणींनाही बरोबर घेतले. बाळ गुदमरले तर काय करायचे, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला, आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. तिथे गावाबाहेरून काही आले असेल तर ते शिक्षण आणि थोडी साधने. हात गावातल्या बायकांचेच होते.

बियाण्याची गोष्टही अशीच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजाच्या शेतकरी बाई. शाळेत गेलेल्या नाहीत. आपल्या भागातली भाताची, भाज्यांची, कडधान्यांची गावरान वाणे त्यांनी घरात राखली, बियाण्यांची बँक उभी केली. २०२० ची 'पद्मश्री' त्यांना जाहीर झाली तेव्हा सगळ्यांना 'बीजमाता' आठवली. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर प्रत्येक घरात अशी एक म्हातारी आहे, जी नाचणी-वरईचे बी राखेत घोळून कणगीत ठेवते. पहिल्या पावसानंतर कोणत्या दिवसापासून शेवळ काढायचे, टाकळा कोवळा कधी असतो, लोत आणि कोरळ रानात कुठे मिळतात, हे तिला माहीत असते. पावसाळ्याच्या तोंडाशी कणगी तळाला जाते तेव्हा या भाज्यांवरच घर तगते. हे ज्ञान मुलीला मिळते ते आईबरोबर रानात जाऊन. आणि मुलगी आता वसतिगृहात असते. तिने शिकलेच पाहिजे. पण उन्हाळ्याच्या सुटीत तरी तिच्या आईला शाळेत बोलावून 'ही भाजी कशी ओळखायची, सांग' असे कोणी विचारले असते तर आईचाही मान राहिला असता आणि मुलीचेही ज्ञान वाढले असते.

आता तिच्या पोटाकडे वळते. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना १९९२-९३ मधली वावर-वांगणी आठवत असेल. याच जव्हार तालुक्यात कुपोषणाने मुले गेली आणि महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून योजना पुष्कळ झाल्या. २०१५ मध्ये राज्य सरकारने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. आदिवासी क्षेत्रातल्या गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंत झाल्यावर काही महिने अंगणवाडीत रोज एक वेळ चौरस गरम जेवण. भात, डाळ, भाकरी, भाजी, अंडे. ही योजना मला फार आवडते, कारण तिने आईला बसून ताजे जेवायला घातले. धान्याची पिशवी घरी दिली की ती सगळ्यांच्या पानात वाटली जाते आणि आई शेवटी तळ खरवडते. अंगणवाडीतले ताट मात्र तिचे एकटीचे. ही अंगणवाडीसुद्धा याच मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर मुलांच्या अंगणात शाळा नेली. पुढे १९७५ मध्ये देशभरच्या बालविकास योजनेने ते नाव उचलले.

पण या ताटापर्यंत आई पोहोचते का? दिवाळी झाली, भाताचे खळे उरकले, की पाडे ओस पडतात. माणसे भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. उचल घेतलेली असते, म्हणून जोडप्याने जावे लागते. सहावा महिना असो की आठवा, बाई जाते. भट्टी बहुधा योजनेच्या क्षेत्राबाहेर. तिचे नाव पाड्याच्या अंगणवाडीच्या वहीत, ताट पाड्यावर, आणि ती चाळीस-पन्नास मैलांवर विटांचा चिखल तुडवते आहे. पंतप्रधान मातृ वंदना योजना २०१७ मध्ये आली, पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. सुरुवातीला अर्जाबरोबर नवऱ्याचेही आधार मागत. विधी राहिलेला, कागद नाहीत, नवरा भट्टीवर, अशा बाईने ते कुठून आणायचे? पुढे ती अट सैल केली, हे बरे झाले. पण तिसऱ्या बाळाच्या आईला काही नाही. जणू तिसऱ्या वेळी तिला भूक लागत नाही.

सरकारी कागदांत या बाईसाठी एक शब्द आहे: 'लाभार्थी'. गावच्या भिंतीवर, फलकावर, सभेत तोच शब्द. मला तो खुपतो. मांडवात जिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही, ती अंगणवाडीच्या ओट्यावर आली की लाभार्थी होते. तिला काय हवे हे कोणी विचारत नाही. काय दिले आहे ते सांगतात आणि अंगठा घेतात. वर जेवण नीट झाले तर पाहुण्यांसमोर टाळ्या वाजवायला लावतात. ज्या समाजाला भीक मागणे ठाऊक नाही, त्याच्या आयांना आपण हात पसरायला शिकवतो आहोत, आणि याला सत्कार म्हणतो आहोत.

मग करायचे काय? माझ्यासारख्या लिहिणाऱ्या बाईने सरकारला योजना शिकवू नयेत. पण धवलेरीचा प्रश्न हाताशी धरला तर तीन गोष्टी अगदी सरळ दिसतात.

पहिली, ताट आईच्या मागे जावे. नाव कुठल्याही गावच्या वहीत असो, ती जिथे आहे तिथल्या अंगणवाडीने तिला जेवू घालावे. भट्टी भिवंडीला असेल तर भिवंडीला. आणि सातव्या महिन्यापासून तिला घरी राहता येईल एवढी मजुरी तिच्या हाती पडावी. शहरातल्या नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. चिखल तुडवणाऱ्या बाईचे पोट काही वेगळे नसते.

दुसरी, तिचे नाव कागदावर यावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने म्हटले आहे की जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवावा. हा फार मोलाचा नियम. कारण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला दिलेला वाटा अनुसूचित जमातींच्या मुलींना आपोआप लागू होत नाही, तो कायदाच त्यांना वगळतो. तेव्हा जिथे नाव लागण्याची सोय आहे तिथे तरी ते लागलेच पाहिजे, आणि विधी झाला नाही म्हणून कोणाही आईचे नाव गाळले जाता कामा नये.

तिसरी, तिला विचारावे. ग्रामसभेत, शाळेत, दवाखान्यात. सुईणीला उशाशी बसू द्यावे, धवलेरीला शाळेत बोलवावे, चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे चित्राखाली लिहावीत. याला पैसा लागत नाही. आपण थोडे खाली बसायला मात्र हवे.

संध्याकाळी लग्न लागले. धवलेरीचा आवाज दिवसभर गाऊन बसला होता, तरी गाणे अडले नाही. मुलीने आईच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. आई तिच्याकडे पाहून अशी काही हसली की ती दोघींपैकी कोण मोठी हे क्षणभर कळू नये. मग बाहेर तारपा सुरू झाला आणि बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरू लागले. त्यानंतर कोणाच्या तरी मोबाइलवरची, मोठ्या कर्ण्यातून वाजणारी गाणीही झाली. पाडा काही जुन्या काळात थांबलेला नाही.

रात्री गुरुजींच्या घरी मुक्काम केला. दोन-तीन दिवस राहून मी निघाले, त्या सकाळी मांडव उतरवत होते. उजाडायच्या आतच विहिरीच्या वाटेवर बायकांची रांग लागलेली. पावसाळ्यात धो धो कोसळणारा हा मुलूख, पण मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. पाड्यात नळाचे खांब उभे आहेत, पाणी यायचे आहे. त्या रांगेत ती होती. हळदीचा पिवळेपणा अजून हातापायांवर होता, डोक्यावर दोन हंडे. मागे मुलगी, तिच्या डोक्यावर एक.

"झालं का लग्न?" मी विचारले.

"झालं," ती हसत म्हणाली. "तुझ्या गावाला जातीस? परत ये."

मी वाटेतून बाजूला झाले. हंडा घ्यायला मात्र माझा हात पुढे झाला नाही. शहरात परतल्यावर सोसायटीच्या फलकावर मातृदिनाच्या शुभेच्छा अजून तशाच होत्या. त्या काढायला कोणाला सवड झाली नव्हती.